सात झुडपं, सात कागद

साहेब, ती झुडपं तुम्ही संपवली. तुमचं नाव लिहीत नाही. वाचाल तेव्हा तुम्हाला कळेलच.

सन अठ्ठ्याहत्तरच्या पौषात झाडझाडोरा गोळा करत तुमची सरकारी जीप सिहोऱ्याकडून आमच्या ढिवरटोलीत आली. माझी मामी सखाबाई तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रानकॉफीच्या भाजलेल्या बियांचा काढा उकळत होती. गळ्याएवढ्या गार पाण्यातून जाळं ओढून निघालेल्या माणसाच्या बोटांत त्यानंच जीव यायचा. तुम्हीही दोन वाट्या प्यालात, वर चहापेक्षा बरा म्हणालात. मामी हसली. "जाळं न ओढता पेले साहेब, आज तुमाले झोप नाई येत."

मग झाड दाखवा म्हणालात. मामी नाही म्हणाली. तिच्या सासूनं घालून दिलेली रीत होती : झुडूप परक्याला दाखवायचं नाही आणि शेंड्याची फळं तोडायची नाहीत, ती पाखरांची. डोंगरात सातच झुडपं उरली होती. तुम्ही म्हणालात, दुर्मिळ आहे, सरकार वाचवेल. मी चौथी शिकलेला, पुढचं रद्दी वाचून शिकलो. छापील कागदाला भुलणारा माणूस. मीच म्हणालो, "दाखव ना मामी, शिकलेला माणूस आहे."

तिनं सातही दाखवली. तुम्हाला तिथंच सोडून आम्ही भात खायला घरी आलो. परत गेलो तर सात खड्डे. झुडपं मुळासकट उपटून तुम्ही वर्तमानपत्रात दाबत होता. वाळवून कागदावर चिकटवायची, एक नागपूरला, एक कलकत्त्याला, असं बोटांवर मोजून सांगितलंत. मामी खड्ड्यात हात घालून नुसती माती चाचपत राहिली.

सहा वर्षं झाली. आता काढा नाही; मामीचा नवरा, बाबुलालमामा, पाण्यातून निघतो, त्याची बोटं दुपारपर्यंत वळत नाहीत. परवा नागपूरला तुमच्या कचेरीत गेलो. बाबूनं कपाटातून आमचं वाळलेलं झुडूप चिकटवलेला कागद काढला, त्यावरचं इंग्रजी मला वाचून सांगितलं. उपयोग : माहीत नाही. दुर्मिळ होण्याचं कारण : गावकऱ्यांची तोड. मी त्याला तीनदा वाचायला लावलं. तिन्ही वेळा तेच.

त्या कागदावर, फांदीच्या शेंड्याला, तीन वाळकी फळं अजून चिकटून आहेत. मामीला सांगितलं, तर एवढंच म्हणाली, "माग त्यायले. उगवो का न उगवो, पेरून त पायतो."

साहेब, ती फळं देता की नाही? उत्तर पाहिजे.