निरोगी नमुना

रक्ताच्या कर्करोगावर काम करण्यात डॉक्टरबाईंची उभी हयात गेली होती. प्रयोगशाळेत आजारी रक्ताला कधी तोटा नसे. चणचण असे ती धडधाकट माणसांच्या रक्ताची. तुलनेला तेही लागतं. म्हणून त्या ओळखीपाळखीच्यांना गळ घालत. या खेपेला वहिनी आपणहून आली.

"घे हवं तेवढं," बाही वर सारत ती म्हणाली. "तुझ्या भावाने आटवून उरलंय ते तुझंच."

आई लवकर गेली, तेव्हापासून वेणीफणीपासून परीक्षेच्या डब्यापर्यंत डॉक्टरबाईंचं सगळं या वहिनीनेच केलं होतं.

दुपारी त्यांनी वहिनीच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पांढऱ्या पेशी दाटीवाटीने पसरल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी अर्ध्याकच्च्या, हाडांच्या आतून इतक्यात बाहेर पडायलाच नको होत्या अशा. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, त्यांनी मनाला समजावलं. मग आपण हे दुखणं दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालू पाहतोय, हे ध्यानात येऊन त्या ओशाळल्या.

"रक्त नळीतच गोठलं गं, पुन्हा द्यावं लागेल," असं खोटं सांगून त्यांनी वहिनीला परत बोलावलं. या वेळी नळीवर चिठ्ठी स्वतः चिकटवली, आणि तपासायला मात्र सहकाऱ्याकडे दिली. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. जनुकाच्या चाचणीचा निकाल यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात त्या दिवसातून दोनदा वहिनीला फोन करत आणि काहीबाही विचारत. दम लागतो का? घाम येतो का? पोट जड वाटतं का?

शंका खरी ठरली. त्या तडक दादाच्या घरी गेल्या. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"गोठलं नव्हतं ना?" मान वर न करता तिने विचारलं. "लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही."

डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं. सावकाश वाढणारा प्रकार आहे, रोज गोळी घ्यायची, बहुतेकांना ती लागू पडते. बहुतेकांना हा शब्द त्यांनी घाईने उरकला. कारण गोळी काहींना लागू का पडत नाही, हाच तर त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

वहिनीने घडी मांडीवर ठेवली. "गोळीचं इस्पितळातले डॉक्टर बघतील. तू माझी डॉक्टर होऊ नकोस. नणंद हो. दोन टोमणे मार, मला बरं वाटेल."

इस्पितळातले डॉक्टर त्यांचे जुने वर्गमित्र होते. डॉक्टरबाई त्यांना रोज नवी भीती ऐकवत. एकदा ते वैतागून म्हणाले, "तुझ्याकडे बुडालेलेच येतात, म्हणून तुला नदी एवढी खोल वाटते. तरून गेलेले माझ्याकडे येतात आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून माझ्याशी भांडतात."

पटलं, तरी झोप येईना. प्रयोगशाळेत एकेक काच लावायला त्यांना दुप्पट वेळ लागू लागला. आजवर त्या काचेखालच्या पेशी बघत आल्या होत्या. आता प्रत्येक काचेमागे कुणीतरी घड्या घालत बसलेलं दिसे.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. निकालाच्या दिवशी दोघी इस्पितळाच्या बाकावर शेजारी बसल्या होत्या. वर्गमित्र कागद घेऊन बाहेर आले आणि तो त्यांनी डॉक्टरबाईंच्या नव्हे, वहिनीच्या हातात दिला.

"आजाराचं प्रमाण छान उतरलंय. गोळी चालू ठेवा."

वहिनीने कागद न वाचताच नणंदेपुढे धरला. डॉक्टरबाईंनी आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग खालच्या सहीपर्यंत सगळा वाचून पुन्हा आकड्यावर आल्या.

"पुढची तपासणी कधी?" त्यांनी विचारलं.

"आधी श्वास घे," वहिनी म्हणाली आणि त्यांचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळू लागली.