उजव्या पापणीतले भोक

मी एक जुने भोक आहे, मित्रांनो. हसू नका. आरशासमोर उभे राहा आणि नाकाजवळ खालची पापणी जराशी ओढा. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसेल, तो माझा भाऊबंद. डोळ्यात सतत थोडे पाणी पाझरत असते. पापणी मिटली की मी ते आत ओढतो आणि बारीक नळीने नाकात सोडतो. म्हणून तर रडल्यावर नाक वाहते. काम नीट चालले तोवर माझे नाव कोणी काढले नाही. ते अडले तेव्हा मात्र घरभर बोभाटा झाला.

माझा मालक सुतार. फळीची कड सरळ आहे का हे पाहायला तो डावा डोळा मिटायचा आणि उजवा फळीला भिडवायचा. उजवा म्हणजे आमचा. त्यामुळे उडालेला भुसा पहिला आमच्याच वाट्याला यायचा. डोळा चुरचुरला की तो सदऱ्याच्या बाहीने खसाखसा पुसायचा, आणि बाहीवरही भुसाच. गिऱ्हाइके त्याच्या नजरेचे कौतुक करीत. नजरेचे कौतुक सगळ्यांना, पापणीकडे कोण बघतो? तिची कड सुजायची, उतरायची, पुन्हा सुजायची. असे होता होता मी आवळत गेलो. वरच्या पापणीतला माझा जुळा भाऊही मिटत आला. शेवटी आत जायला वाटच उरली नाही, तेव्हा पाणी गालावरून वाहू लागले.

नेमकी त्याच दिवसांत त्याच्या लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली. घरात बापलेक दोघेच. तिने बातमी सांगितली तेव्हा त्याच्या गालावर पाणी, जेवायला बसला तरी पाणी. मी रडत नाही, असे तो सांगे. पण ओल्या गालाने असे सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यात आत्या आली. तिने पोरीला बाजूला घेऊन सांगितले, की बाप आतल्या आत झुरतो आहे, डोळ्याला खळ नाही त्याच्या. पोरीने भरलेली बॅग रिकामी केली आणि नोकरी नको असे कळवायचे ठरवले. मला फार वाईट वाटले. तोंड मिटले माझे आणि पाऊल अडले तिचे.

पुढे पाण्यामुळे सुताराला फळीवरची रेघ धूसर दिसू लागली. एक दार वाकडे कापले गेले, तेव्हा कुठे तो लेकीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"डोळ्याला पाणी येतं का?" बाईंनी विचारले.

"छे हो. पोरगी चांगल्या कामाला चाललीय, मी कशाला रडू?"

"रडता का, असं नाही विचारलं. पाणी येतं का?"

लेक म्हणाली, "येतं. दिवसभर येतं. पण उजव्याच डोळ्याला." बोलता बोलता ती थांबली. "एका डोळ्यानं कोण रडतं, बाबा?"

"मी तेच सांगत होतो," सुतार म्हणाला.

बाईंनी भिंगातून आम्हाला पाहिले आणि आमची तोंडे अरुंद झाल्याचे सांगितले. भोक मोठे करायचे ऐकून सुताराने विचारले, घरून गिरमिट आणू का? बाई हसल्या. त्यांनी बधिर करणारे थेंब घातले, बारीक सळईने आम्हाला रुंद केले आणि कडेला इवलीशी चीर दिली. काम करताना चष्मा लावा, डोळ्याला बाही लावू नका, पापण्या धूत जा, असेही बजावले. काही दिवसांत गाल कोरडा झाला आणि बॅग पुन्हा भरली गेली.

निघायच्या सकाळी लेक दारात थांबली. तिने आधी त्याचा उजवा डोळा निरखला, मग डावा. दोन्ही कोरडे. तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सुताराने नाक ओढले.

"सर्दी झालीय?"

"भुसा गेला असेल नाकात. नीघ तू."

ती हसत गेली. तो भुसा नव्हता, मित्रांनो. दोन्ही डोळ्यांतली आम्ही सगळी भावंडे त्या सकाळी जिवाच्या आकांताने कामाला लागलो होतो. एक थेंबही आम्ही बाहेर पडू दिला नाही.

म्हणून सांगतो, डोळ्याला उगाच पाणी येत राहिले तर बाहीने पुसत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि निरोपाच्या वेळी कोणी नुसतेच नाक ओढले, तर त्याच्याजवळ घटकाभर थांबा.