धोंड्याच्या महिन्यातला जावई

मित्रांनो, मी एक जुनी जर्मनची किटली आहे. जर्मनची म्हणजे परदेशातून आलेली नव्हे. आमच्या बेळगावात ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. माझा कारखाना कुठला ते मला ठाऊक नाही. आठवते ती खडेबाजारातल्या दुकानाची दोरी. तिच्यावर आम्ही बारा बहिणी लटकत होतो. भीमाप्पा टांगेवाल्याने माझे झाकण चारदा उघडून मिटून पाहिले आणि मलाच घरी नेले. त्याचा मला अजून तोरा आहे.

सात-आठ वर्षे मी टांगा अड्ड्यावर चहा पोचवला. भीमाप्पाची थोरली बहीण सोनुबाई मला रोज राखेने घासायची. ती विधवा, मूलबाळ नाही, भावाच्याच घरी राहिलेली. जिभेने तिखट, पण माझ्यावर तिचा फार जीव. ती भीत असे ते फक्त घोड्याला. लहानपणी एका घोड्याने तिच्या दंडाचा लचका काढला होता. म्हशीची धार ती झोपेतसुद्धा काढील, पण चिमणी घोडीपुढे वैरण टाकायची तर ती काठीनेच ढकलायची.

१९८० सालच्या मे महिन्यात चिमणी पहिल्यांदाच गाभण होती. टांगा उभाच होता, म्हणून भीमाप्पाने बायकोला आणि पोरांना गोव्याला न्यायचे ठरवले. गंगव्वाला लग्न झाल्यापासून समुद्र बघायचा होता.

"आक्का, आषाढ लागताना चिमणी गाभण ऱ्हायली," भीमाप्पा बोटे मोजत म्हणाला, "अकरा म्हयनं धरलं तर जेठात व्याची. जेठ लागायला अजून पंधरा दिस हाईत. आम्ही चार दिसांत येतो."

"जा रं, निर्धास्त जा," सोनुबाई म्हणाली.

त्या वर्षी ज्येष्ठाच्या आधी धोंड्याचा महिना आला होता. पंचांगात दर तीन वर्षांनी येणारा हा जास्तीचा महिना. त्यात लग्न नाही, मुंज नाही, फक्त जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. म्हणून भीमाप्पाने तो मोजलाच नव्हता. पण घोडीच्या पोटात काही पंचांग नसते.

गाडीत चहा प्यायला म्हणून मला भरून कट्ट्यावर ठेवले होते. गाडी चुकेल म्हणून सगळे धावत सुटले आणि मी तिथेच राहिले. मित्रांनो, मी इतकी रुसले की माझ्यातला चहा लवकर निवला असेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनुबाई वैरण घेऊन गेली, तर चिमणीच्या पायाशी ओले शिंगरू धडपडत होते. ते आचळाला तोंड लावायला गेले की पहिलटकरीण चिमणी किंचाळून लाथ झाडायची. सोनुबाईने शेजारच्या शामूअण्णाला हाक मारली. तो जुना टांगेवाला.

"पयलं दूध दुपारच्या आत पोटात गेलं न्हाय तर ह्ये जगत न्हाय," तो म्हणाला. "गोव्याच्या गाडीच्या डायवराजवळ निरोप धाडू का?"

"निरोप पोचंस्तवर ह्ये मरंल. आन् गंगव्वाला समुद्र तरी बघू दे."

"मग मी तोंड धरतो. धार तू काढ. म्हशीची काढतीस न्हवं?"

सोनुबाईचा हात दंडावरच्या जुन्या वणाकडे गेला. तिने इकडेतिकडे पाहिले, मला उचलले आणि कालचा चहा ओतून स्वच्छ धुतले. माझ्या तोटीला जुन्या लुगड्याची मऊ चिंधी गुंडाळली. मग ती चिमणीच्या पोटाशी बसली. मला तिने मांडीवर घट्ट धरले. पहिली धार माझ्यात पडली तेव्हा तिने रोखलेला श्वास सोडला.

शिंगराने आधी तोंड फिरवले. मग चिंधी चोखली, आणि गटागटा प्यायले. सोनुबाई हसत होती आणि रडतही होती. माझा रुसवा तिथेच संपला. मला गाडीत नेले असते तर त्या पोराच्या तोंडात तोटी कोण देणार होते?

दिवसभर दर तासाला माझी फेरी झाली. तिसऱ्या दिवशी चिमणीने आपणहून शिंगराला चाटले आणि पाजले. शामूअण्णा म्हणाला, "सुटलो गं बाई!"

चौथ्या दिवशी भीमाप्पा आला. दारातच त्याच्या हातातली पिशवी गळाली. "आक्का, तू घोडीला हात लावलास?"

"घोडीला न्हाय रं. शिंगराच्या आईला लावला. आन् धोंड्याचा म्हयना मोजत जा. त्यातच आलाय ह्यो, म्हणून जावई नाव ठेवलंय."

लेक नसलेल्या सोनुबाईने त्याच संध्याकाळी धोंडे केले आणि त्यातला चिमूटभर गूळ आपल्या जावयाच्या ओठांना लावला.

पुढच्या मे महिन्यात भीमाप्पा स्वतः घरी थांबला, आणि सोनुबाई गंगव्वाबरोबर गोव्याला गेली. या वेळी तिने मला काखेतच धरले होते. येताना तिने जावयाला दाखवायला समुद्र माझ्यात भरून आणला. एक घोट घेऊन त्याने असा ओठ वर केला की सोनुबाई पोट धरधरून हसली.

आता टांगा नाही, मीही माळ्यावर आहे. मित्रांनो, गावाला जाल तेव्हा मागे कोण राहिले ते विसरू नका, आणि पुढच्या खेपेला तुम्ही मागे राहा. माझी तोटी जावयाने चावून चेपवली आहे. कल्हईवाला ती सरळ करू म्हणाला, तेव्हा सोनुबाईने त्याला दारातूनच परत पाठवले.