चाकांकडे बघणारी

"मागची आधी अडली की पुढची?" गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढून मिस्त्रीने विचारलं.

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ताईने चष्मा पुसला. "छान थांबते की गाडी."

"छान थांबते हे मलाही कळतं. चाकांचं काय?"

"चाकंही छानच."

मिस्त्री खाली उतरला. पन्नाशी उलटली, पोट सुटलं, चार लोक मिस्त्री म्हणून मान देतात, पण ताईसाठी तो अजून बारक्याच. गाडी मात्र दोघांपेक्षाही थोरली. मालकीणबाईंनी वडिलांची आठवण म्हणून ती जपली होती. आता म्हाताऱ्या आईला रोज दवाखान्यात न्यायचं, म्हणून पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढून त्यांनी डिस्क ब्रेक बसवून घेतले होते.

बसवणं सोपं, खरी मेख त्यानंतर असते. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची बाजू हलकी होते. तिथे दाब जास्त पोचला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी शेपटाकडून गर्रकन फिरते. म्हणून मागच्या नळीवर दाब कमी करायची एक चावी बसवतात. ती किती फिरवायची हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. एकाने ब्रेक मारायचा आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून चाकं बघायची, दुसरा इलाज नाही.

आणि चाकं बघावीत तर ताईनेच. या दोघांचे वडील गॅरेज चालवायचे तेव्हा ही दहा वर्षांची पोर रस्त्याकडेला बसायची आणि अमुक चाक अर्धा क्षण आधी अडलं म्हणून सांगायची. वडील निमूट पाना उचलायचे. पुढे वडील गेले, गॅरेज बारक्याकडे आलं, ताई शिवणकामाला लागली. तरी हे एक काम तिचंच राहिलं होतं.

सहा वर्षांपूर्वी गणिताच्या एका मास्तरांची गाडी आली. काम हेच. ताई म्हणाली, "डावं मागचं चाक आधी अडतंय रे. अजून थोडं कमी कर." मास्तर शेजारीच उभे. गिऱ्हाइकासमोर बहिणीने चूक काढली, झालं, गड्याचं डोकं फिरलं.

"शिवणयंत्राचं चाक असतं तर तुझं ऐकलं असतं," तो म्हणाला. मास्तर हसले, तोही हसला आणि चावी होती तशीच ठेवली. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. महिन्याभरात ओल्या उतारावर मास्तरांची गाडी फिरली आणि कठड्यावर आदळली. मास्तर वाचले, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. पावसाला दोष देऊन सगळे मोकळे झाले, अगदी मास्तरसुद्धा. मिस्त्रीनेही मान डोलावली. ताईने चकार शब्द काढला नाही. तिने एकदा तरी तोंडावर सुनावलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला कितीदा तरी वाटे. तेव्हापासून असलं काम तो टाळायचा, पण या बाईंना नाही म्हणवलं नाही.

त्याने रस्त्यावर नजर टाकली. दोन काळे पट्टे थेट मागच्या टायरांपाशी येऊन संपले होते. पुढच्या टायरांचा पट्टा नावालाही नव्हता.

"ताई, हे काय आहे?"

"हो रे. मागचीच अडली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मला दिसलं तसं. पण म्हटलं, तू आत बसलायस, तुला जास्त कळणार. मी आपली बाहेरून बघणार."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याने कान पकडले असते आणि विषय संपला असता. तिला हे खरंच वाटत होतं, आणि त्यानेच तिला ते वाटायला लावलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मास्तरांच्या गाडीला तू बरोबर सांगत होतीस, ताई," तो म्हणाला. "मी तोरा मिरवला. त्यांचा पाय माझ्यापायी गेला." सहा वर्षांत हे पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघालं.

"असू दे. झालं ते झालं." तिने त्याच्या बाहीवरची धूळ झटकली. "चल, ऊन चढतंय."

त्याने चावी दीड आटा फिरवली. "आता मोठी चूक गेली, पण उरलेलं बारीक मला आतून कळणार नाही. म्हाताऱ्या बाई बसणार आहेत गाडीत. जे दिसेल तेच सांग. मला राग येईल, वाईट वाटेल, काही बघू नकोस."

"बरं."

तो गाडी लांबवर घेऊन गेला, वळवली, वेग धरला आणि तिच्यासमोर येताच कचकन ब्रेक दाबला. टायर किंचाळले. गाडी सरळ रेषेत थांबली. थांबता थांबता त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं.

ताई सांगितल्या जागी उभी होती. पण तिची नजर चाकांवर नव्हती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"काय दिसलं, ताई?"

"तुला कसं वाटलं?" तिने विचारलं.