आतली रुंदी

भव्याने लोखंडी गाभा व्हर्नियरच्या जबड्यात पुन्हा धरला. वीस मिलिमीटर. त्यात शंका नव्हतीच. शंका होती ती अप्पांच्या ड्रॉइंगमध्ये. विजेचा प्रवाह मोजणाऱ्या मीटरमध्ये या गाभ्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचा फॉर्मर, म्हणजे तार गुंडाळलेली पातळ चौकट, फिरणार होता. तो कुठे घासू नये म्हणून दोन्ही बाजूंना किंचित मोकळीक ठेवायची. अप्पांनी ती मिळवण्याऐवजी वजा केली होती. आतली रुंदी एकोणीस पूर्णांक चार. या मापाच्या डायमधून, म्हणजे साच्यातून, निघालेला फॉर्मर गाभ्यावर चढलाच नसता.

उभा जन्म मीटर बनवण्यात घालवलेल्या माणसाची ही चूक.

“झालं का गं?” बाहेरून अप्पांनी विचारलं. “गुंडू आज डाय कापायला घेणार आहे.”

“निघालेच.”

ड्रॉइंगचा कागद अप्पांना दाखवायचाच, असं ठरवून ती बाहेर आली. अप्पा खिडकीशी चष्मा पुसत बसले होते. स्वच्छ झालेली काच परत परत पुसत होते. मागे एकदा ते घराजवळच्याच गल्लीत वाट चुकले होते आणि परतल्यावर दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. तिने कागद न दाखवताच घडी घालून पर्समध्ये ठेवला.

रिक्षात तिने आकडा खोडला आणि वीस पूर्णांक सहा लिहिलं. अप्पांच्या वळणाचा सहा काढायला गेली, तेवढ्यात रिक्षा हिंदकळली आणि आकडा वाकडा आला. शिवाजीनगरला गुंडूअण्णाचं वर्कशॉप येईपर्यंत ती त्या सहाकडेच बघत होती. गुंडूअण्णाने अप्पांनाच फोन लावून विचारलं तर?

गुंडूअण्णाने कागद दिव्याखाली धरला. खोडलेल्या जागेवर त्याचं बोट थांबलं.

“घाईत खोडलं गेलं,” ती म्हणाली. “अप्पांनीच केलंय.”

“सरी.” कानडीत ‘बरं’ म्हणत त्याने कागद मशीनपाशी चिकटवला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “सकाळी त्यांचा फोन आला होता, अक्का. म्हणाले, हल्ली माझ्या आकड्यांचा मलाच भरवसा नाही. भव्याने आकडा बदलला असेल तर तिचा धर. बदलला नसेल तर डाय कापू नको, आधी मला सांग.”

भव्याने मशीनपाशी चिकटवलेल्या त्या वाकड्या सहाकडे पाहिलं.

“तुला सांगू नको म्हणाले होते.”

तिचा फोन वाजला. अप्पा.

“पोचलीस?”

“हो.”

“गुंडूने कागद बघितला? काही म्हणाला?”

गुंडूअण्णाने मान खाली घातली आणि मशीनचं चाक फिरवायला घेतलं.

“नाही अप्पा. कापायला घेतलंय.”

“सरी,” अप्पा म्हणाले. पण त्यांनी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.