पूजेचा पंप

रविवार होता. रिछाईच्या कारखान्याला सुट्टी, म्हणून सुखराम दारात बसून निवांत चहा घेत होता आणि त्याची बायको पार्वताबाई आत पोळ्या लाटत होती. तेवढ्यात ग्रामपंचायतीचे सचिव श्रीपादराव स्कूटरवरून आले. जबलपूरपासून तासाभरावरच्या त्या खेड्यात मराठी घरं दोनच, त्यांचं आणि या बौद्धांचं. पण या घरचा चहा श्रीपादरावांनी कधी घेतला नव्हता.

"सुखराम, टाकी तुंबली रे. उद्या सरपंचजींकडे लग्न आहे. जरा उतरून पाहतोस का?"

टाकी म्हणजे गावाचा अभिमान. साऱ्या घरांचं सांडपाणी तीत यायचं, गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी लव्हाळ्याच्या वाफ्यांतून निवळून शेतांना जायचं. गाळ उपसायला सरकारनं नवाकोरा पंपही दिला होता. पण तो आला त्या दिवशी लोकांनी त्याला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. झालं! पूजलेली वस्तू घाणीत कशी घालायची? पंप पंचायतीच्या खोलीत कुलपात जाऊन बसला आणि टाकीत उतरायला दर वेळी या घरातला माणूस बोलावला जाऊ लागला. त्याला विटाळ होण्याची चिंता कोणालाच नव्हती.

"श्रीपादभाऊ, पंप लावा ना," पार्वताबाई आतून म्हणाली. "माणूस काहून उतरवता?"

"अहो, लोक ऐकत नाहीत." श्रीपादराव मनातून त्याच लोकांतले होते.

"जाऊ दे, दहा मिनटाचं काम," सुखराम म्हणाला. "पोळी झाकून ठेव. येतोच मी."

तो आला तो खाटेवर. टाकीच्या तळाशी पोचण्याआधीच विषारी वायूनं त्याचा श्वास कोंडला. कमरेला साधी दोरीसुद्धा कोणी बांधली नव्हती. सरपंचांकडचं लग्न दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी लागलं. झाकलेली पोळी पार्वताबाईनं तीन दिवस कोणाला हलवू दिली नाही.

पंधरा दिवसांनी श्रीपादराव पुन्हा आले. या वेळी स्कूटरवरून उतरले नाहीत.

"पार्वताबाई, गाळ तसाच आहे. पाणी रस्त्यावर आलं. तुमचे दीर डोमाजी..."

पार्वताबाई उठली. तिनं हात पुढे केला.

"पंपाच्या खोलीची किल्ली द्या. मी विचारून नाही राहिली, सांगून राहिली."

त्या आवाजापुढे श्रीपादरावांनी किल्ली काढून दिली. तिनं आणि डोमाजीनं पंप हातगाडीवर घातला आणि भर गावातून नेला. चौकात कोणीतरी ओरडलं, "अरे बाई, पूजा वाला पंप है वो."

"पूजा मेरे आदमी की भी कर देते, भैया," ती न थांबता म्हणाली. "तो आज वो भी घर में बैठा होता."

डोमाजीनं बाहेरूनच पाइप टाकीत सोडला आणि इंजिनाला हँडल मारलं. काळा गाळ भदाभदा शेजारच्या खड्ड्यात पडू लागला. श्रीपादरावांसकट सारं गाव तोंडावर पदर, रुमाल धरून बघत होतं. अर्ध्या तासात टाकी रिकामी झाली.

इतके दिवस ती रडली नव्हती. इंजिन थांबलं तशी ती कठड्याला धरून मटकन खाली बसली आणि तिचा बांध फुटला. पंपावरचं कुंकू जागच्या जागी होतं.

"अर्धाच तास लागला, श्रीपादभाऊ," ती म्हणाली. "पोळी गरम होती तोवर झालं असतं."