ताटातल्या सात कवड्या

ताटात सात.

पितळेचं ताट, त्यात लाल दोऱ्यांत एकेक ओवलेल्या सात कवड्या, आणि ताट धरून उभी चंद्रप्रभा. तुळजापूरचा घाट चढायला लागतो तिथं, सडकेच्या कडेच्या लिंबाखाली. समोर सोलापूरकडं जाणारी सडक ज्वारीच्या रानातून खाली उतरत गेलेली. त्या सडकेवर आठ मैलांवर तामलवाडी. तिचं माहेर.

शर्यत साधी होती. तामलवाडीहून सायकलवर निघायचं, घाटाच्या पायथ्याला वळायचं, परत तामलवाडी गाठायची. दर दहा मिनिटांनी एक गडी. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो पुण्याला जाणार, महाराष्ट्राच्या संघात. तो संघ पुढं देशाच्या शर्यतीला. अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यातून जागा एकच.

आणि वळल्याची खूण म्हणजे कवडी. मागच्या साली एक पठ्ठ्या सहाव्या मैलावरच्या ओढ्यापासूनच माघारी फिरला होता, पहिलाही आला होता, आणि गळ्याची शपथ घेऊन सांगत होता की घाट डोळ्यांनी बघून आलो. म्हणून यंदा शर्यतीच्या वेळा लिहिणाऱ्या शरणप्पा गुरुजींनी मनगटावर शिक्का मारायचं ठरवलं. घामात शाई टिकेना. मग तोड काढली ती चंद्रप्रभाच्या सासूनं, मथुराबाईनं. देवीच्या आराध्यांसाठी कवड्यांच्या माळा ओवण्यात तिचा जन्म गेला होता.

"माझ्या हातची गाठ दुसऱ्या कुणाला येत न्हाय," ती म्हणाली होती. "कवडी आणील त्योच खरा."

कवड्या आपल्या, म्हणून आज ती जातीनं हजर होती. घोंगडी टाकून, मांडीवर अर्धी ओवलेली माळ घेऊन.

"गुरुजी, किती वाजले?"

"सात वाजून पाच मिन्टं. आत्ताच तर विचारलं, बाई."

"मंग घड्याळ बंद पडलं असंल तुमचं."

"घड्याळ चालू हाय. तुमचं पोरगं अजून तामलवाडीच्या शिवारात हाय."

तिचं पोरगं म्हणजे अंबादास. चंद्रप्रभाचा नवरा, तुळजापूरच्या शाळेतला ड्रिल मास्तर. तो पहिला सुटला होता. तामलवाडीला तेरखेड्याचा बार उडवून गडी सोडत होते. इथवर आवाज येत नव्हता, तरी चंद्रप्रभानं बरोबर सातला सडकेकडं बघितलं होतं.

शेवटचा सुटणार होता महारुद्र. तिचा पाठचा भाऊ.

गडी सात होते आणि सायकली सहा. पहिल्याची आणि शेवटच्याची सायकल एकच.

*

दोन दोरे.

ती सायकल महारुद्रची. म्हणजे होती. बिलायती, हलकी, बोटानं उचलावी अशी. तो मॅट्रिक झाला तेव्हा वडिलांनी, आण्णासाहेबांनी, सोलापुराहून आणून दिलेली. तीन वर्षांमागं चंद्रप्रभाचं लग्न ठरलं. बैठकीत मथुराबाईनं सायकल मागितली. आण्णासाहेबांनी नवी सांगून ठेवली, पण लग्न चार दिवसांवर आलं तरी दुकानदाराचं आपलं एकच, माल आला नाही. तेव्हा महारुद्रनं आपली सायकल विहिरीवर नेली. रॉकेलनं धुतली, राखेनं घासली, हँडलला हळदीकुंकू लावलं आणि मांडवात आणून उभी केली.

"नवीच हाय," तो सगळ्यांना सांगत होता.

त्यावर पुढं कुणी कधी बोललं नाही. चंद्रप्रभाही नाही. पण त्या दिवशी सायकल सोडून मांडवाबाहेर जाताना त्याचा हात सीटवरून जरा हळूच निघाला होता, तो तिच्या नजरेतून गेला नव्हता.

लग्नानंतर चौथ्या दिवशी अंबादास सीट वर करायला बसला. तो ताडमाड, पाय लांब. पाना लावला आणि थांबला. सीटच्या दांडीला खालच्या अंगाला एक घासलेला पट्टा होता, वर्षानुवर्षं एकाच उंचीला आवळल्याचा.

"ही कुणाची उंची?" त्यानं विचारलं.

ती खाली बघत राहिली. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पहिल्या ऐतवारी सायकल मारत तामलवाडीला गेला, तिथंच ठेवली आणि एस.टी.नं परत आला. तेव्हापासून सहा दिवस सायकल तुळजापूरला, ऐतवारी तामलवाडीला. सारखी मापं नको घ्यायला म्हणून चंद्रप्रभानं दांडीला दोन दोरे बांधले. वर तांबडा, नवऱ्याचा. खाली पांढरा, भावाचा.

महारुद्रला वाटायचं, दाजी दिलदार आहेत. तेवढंच.

*

ताटात सात, अजूनही.

"आला!" मथुराबाईच्या मांडीवरची माळ खाली पडली.

अंबादास हँडलवर ओणवा होऊन येत होता. घाटातून खाली सुटलेला वारा त्याच्या तोंडावर. सदरा पाठीला चिकटलेला. झाडाला वळसा घालताना त्यानं हात पुढं केला, चंद्रप्रभानं कवडी त्याच्या बोटात अडकवली. तेवढ्यात, सायकल न थांबवता, तो म्हणाला,

"त्यो थांबल. थांबू देऊ नगं."

आणि गेला.

"काय म्हणाला गं?"

"काय न्हाय, आत्याबाई. पाणी नको म्हणाले."

"पाणी नको म्हणायला एवढं बोलावं लागतं व्हय?"

गुरुजी वहीत लिहीत होते. सव्वीस मिनिटं, दहा सेकंद.

*

ताटात सहा. पाच. चार.

परंड्याचा मल्लिकार्जुन आला. अठ्ठावीस मिनिटं. कवडी घेताना "नमस्कार, वहिनी" म्हणायला विसरला नाही.

तेरखेड्याचा गोरोबा आला. साडेएकोणतीस. पायात एकच चप्पल, दुसरी कुठं पडली ते परत जाताना बघतो म्हणाला.

पुढचा सायकल खांद्यावर घेऊनच आला. चाक बसलं होतं. मथुराबाईनं त्याला चटणी-भाकरी दिली आणि कवडीही दिली, कशाला कोण जाणे.

*

ताटात एक.

सहा जण वळून गेले होते आणि अंबादासच्या जवळपासही कुणी नव्हतं. राहिला महारुद्र. रानातल्या गड्यांकडून चंद्रप्रभाच्या कानावर होतं, ऐतवारी तो हा पायथा पंचवीस मिनिटांत गाठतो.

पण काल तो तुळजापूरला आला होता. धपाटं खाता खाता म्हणाला होता, "ताई, दाजी अठ्ठावीस वर्सांचे झाले. मला काय, पुढच्या साली बी हाय, त्याच्या पुढच्या साली बी हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? पंगतीत जावयाच्या आधी कुणी पानावर बसतं का आपल्यात? दही वाढ."

तिनं दही वाढलं होतं. तो हसला होता, तीही हसली होती. आता ते हसणं तिला टोचायला लागलं. नवरा काय बोलून गेला तेही आता उलगडलं.

आठ वाजून सव्वीस मिनिटं. सडक मोकळी.

सत्तावीस.

मग तो दिसला. बाजाराला निघालेला माणूस सायकल मारतो तसा, ताठ बसून. लिंबाखाली आला आणि त्यानं चक्क ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकवला.

"ताई, पाणी दे."

"पाणी न्हाय."

"तांब्या तर दिसायलाय."

"तुझ्यासाठी न्हाय. थांबलास कशाला?"

"दाजींना किती लागले?"

"सव्वीस."

"बेस झालं." त्यानं सदऱ्याच्या टोकानं तोंड पुसलं. सावकाश. आधी कपाळ, मग मान.

*

एक क्षण.

कवडी तिच्या चिमटीत होती. नुसती द्यायची होती. घे, जा, म्हणायचं. बाकी सगळं आपोआप झालं असतं. नवरा पहाटे उठून घाट चढायचा, परत आला की पोटऱ्यांना तेल ती लावायची. शाळेतली पोरं आज वेशीवर हार घेऊन थांबणार होती. ड्रिल मास्तर पुण्याला जाणार! तिला ते हवं होतं. खोटं कशाला, फार हवं होतं. भाऊ आपणहून देत होता. त्यानं मागंही आपणहूनच दिलं होतं आणि ती अशीच गप्प उभी होती, मुंडावळ्या बांधून, खाली मान घालून.

मान तिनं आज वर केली.

*

"रुद्रा, ही सायकल तुझी हे त्यांना ठावं हाय."

तो मान पुसायचा थांबला.

"चौथ्या दिवसापासनं. दांडीवरचा घासलेला पट्टा बघून कळलं. ऐतवारी सायकल तामलवाडीला उगंच येती व्हय?"

"तू सांगितलंस?"

"म्या तोंड उघडलं असतं तर आज ही पाळी कशाला आली असती? तू थांबशील हे बी त्यांनीच वळखलं. जाताना सांगून गेले, थांबू देऊ नगं. एकदा तू दिलंस, त्यांनी गप घेतलं. आता पुन्हा घ्यायला लावू नको त्यांना. त्या सायकलवर बसायचे न्हाईत ते परत."

महारुद्रनं खाली बघितलं. सीटखाली पांढरा दोरा.

"मघा सीट त्यांनीच खाली केली," तो पुटपुटला. "गुडघे टेकून. सगळ्या गावासमोर. आण्णा म्हणत होते, जावईबापू, तुमी कशाला, तुमी कशाला…"

"कुणाची सायकल?" घोंगडीवरून मथुराबाईचा आवाज आला.

शरणप्पा गुरुजी घड्याळाकडं बघत होते आणि घड्याळ काही थांबत नव्हतं.

मथुराबाई उठली. भावाकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, सायकलकडं बघितलं. मग असा आवाज लावला की लिंबावरचे राघू उडाले.

"आरं मग बस की मुडद्या! माझी कवडी घे आन पळ!"

चंद्रप्रभानं कवडी त्याच्या अंगठ्यात अडकवली. त्यानं टांग मारली. सायकलला वेग यायला वेळ लागतो, तो तिला बघवेना. ती मागून धावली.

"हात लावू नका, बाई!" गुरुजी ओरडले. "हात लावला तर बाद करावं लागंल!"

तिनं दोन्ही हात वर केले आणि तशीच धावत राहिली, पदर सुटलेला, पायात काही नाही. कधीतरी तामलवाडीच्या खळ्यावर हाच असा तिच्यामागं धावला होता, सीट धरून. आण्णांना दिसेपर्यंत ती सायकल शिकली होती. आता सीट हातभर लांब होती आणि धरायची नव्हती.

"मार, रुद्रा! मार!"

महारुद्र सीटवरून उठला. सगळं अंग पायात घातलं. वारा आता पाठीला होता, सडक उताराची होती. सीट तिच्या हातापासून वावभर लांब गेली, मग शेतभर, मग ज्वारीत नुसती एक पांढरी पाठ राहिली.

*

ताटात काही नाही.

मथुराबाई पुन्हा माळ ओवायला बसली. बराच वेळ तिला दोरा सापडला नाही.

"बैठकीत म्या सायकल मागितली, तवा घरातली न्यावी लागंल म्हणून कुणी बोललं न्हाय."

"तुमी विचारलं न्हाय, आत्याबाई."

"व्हय. म्या विचारलं न्हाय." तिनं एक कवडी ओवली. "पायाला काटा लागलाय तुझ्या. बस हितं. दाखव."

चंद्रप्रभा बसली. सासूनं तिचा पाय मांडीवर घेतला आणि कवड्यांच्या सुईनं काटा काढायला लागली. काटा निघाला तरी पाय तिनं तसाच धरून ठेवला होता. सोलापूरची एस.टी. आली. गुरुजींनी हात करून विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, तामलवाडीला गर्दी लई हाय, बाकी आपल्याला काय ठाऊक न्हाय.

ऊन चढलं. गुरुजींनी भाकरी सोडली.

मग लांबवर एक सायकल दिसली. एकच, आणि तिच्यावर दोघं. कॅरिअर शर्यतीसाठी काढलेलं, म्हणून एक जण पुढच्या नळीवर आडवा बसलेला, बाजाराला नेलेल्या बकऱ्यासारखा अंग चोरून. तो बुटका. मारणारा उंच.

"जावई मेहुण्याला वाहून आणायलाय," गुरुजी म्हणाले. "हे आपण न्हाय बघितलं कधी."

चंद्रप्रभा डोळ्यांवर हात धरून बघत होती. अंबादासचे गुडघे. ते हँडलच्या वर येत होते, दोन्ही बाजूंना फाकत होते.

तिला कळलं होतं.

"असा का चालवायलाय गं ह्यो?" मथुराबाई म्हणाली. "बेडकावानी?"

"सीट खाली हाय, आत्याबाई."

सायकल लिंबाखाली आली. महारुद्र नळीवरून उतरला आणि कुणाकडं बघावं ते न कळून मांडी चोळत उभा राहिला. अंगठ्यात अजून कवडी होती. बोट सुजून लाल झालं होतं. अंबादासची कवडी हँडलला बांधलेली.

"किती?" गुरुजींनी वही उघडली.

"माझे अठ्ठेचाळीस मिन्टं वीस सेकंद." अंबादासला दम लागला होता. तो बायकोकडं बघत नव्हता, मग बघितलं. डोळे लाल होते, नुसत्या वाऱ्यानं होतात त्याहून जास्त. तोंड मात्र हसत होतं. "ह्याचे अठ्ठेचाळीस, नऊ. अकरा सेकंद. पाणी पीत बसला नसता तर मिन्टानं मारलं असतं ह्यानं मला."

"पाणी कुणी दिलंय?" महारुद्र म्हणाला. "तुमच्या बायकोनं तांब्या लपवला, दाजी."

चंद्रप्रभानं तांब्या भरून पुढं केला. नवऱ्याला आधी की भावाला, हे तिला क्षणभर सुचलं नाही. अंबादासनं तो घेतला आणि महारुद्रच्या हातात दिला.

"आरं पण अंबादास," मथुराबाई गुडघ्यांकडं बघत म्हणाली, "पाना खिशात हाय की तुझ्या. सीट वर करून घ्यायची न्हाय का? घाट चढायचाय अजून."

"घाट चालत चढू." अंबादासनं सायकल हातात घेतली. "सीट आता त्यो पुण्याहून आल्यावर."